बोका, बूच आणि ब्लीच

मराठी घरात जिन्याखालच्या जागेचं आयुष्य ठरलेलं असतं. तिथे जुनी सायकल, जादा सिलिंडर, गणपतीचं मखर आणि 'कधीतरी लागेल' म्हणून जपलेली टीव्हीची खोकी गुण्यागोविंदाने नांदतात. अलीकडे पुण्या-नाशकाकडच्या काही घरांतून या मंडळींना हुसकावून तिथे वाइन मुक्कामाला आली आहे. सायकल भंगारवाल्याकडे जाते, मखर धाकट्या भावाकडे जातं, खोकी माळ्यावर चढतात. मग भिंतींना थर्माकोल लागतो, दाराला रबरी पट्टी बसते, आत एक छोटा एसी घरघरू लागतो आणि घरातला कर्ता पुरुष त्या जागेला 'सेलर' म्हणू लागतो. बाकीचं घर अजूनही 'जिन्याखाली'च म्हणतं.

सेलरचे नियम मोजके आहेत. तापमान 12 ते 14 अंश, हवेत 60 ते 70 टक्के आर्द्रता, उजेड नको, हादरे नकोत, वर्दळ नको. बुचाची बाटली आडवी ठेवायची, म्हणजे बूच आतून ओलं राहतं, आक्रसत नाही आणि हवा आत शिरत नाही. आता जनावरांच्या डॉक्टरांना विचारावं, मांजराची शौचाची पेटी कुठे ठेवावी? ते सांगतात: शांत कोपरा बघा, वर्दळ नको, भगभगीत उजेड नको, यंत्रांचा खडखडाट नको. दोन्ही याद्या शेजारीशेजारी ठेवल्या तर फरक फक्त आडव्या बाटलीचा उरतो. बोक्याने ती जागा आपल्यासाठीच बांधली आहे असं समजावं, यात त्याचा काय दोष?

कुत्र्याचं गणित याहून सोपं. मे महिन्यात पुण्याचा पारा चाळिशी गाठतो तेव्हा घरातली सगळ्यात गार फरशी कुठली, हे लॅब्राडोरला कुणी सांगावं लागत नाही.

या शौकाचं पेव फुटलं त्याला फार काळ झालेला नाही. नारायणगावला शामराव चौगुले यांच्या इंडेजने 1980च्या दशकात फेसाळ वाइन काढली आणि 'ओमर खय्याम' नावाने ती परदेशीही धाडली, पण इथल्या मध्यमवर्गाला तिचं फक्त नाव ऐकून माहीत. नाशिकला राजीव सामंत यांच्या सुलाची पहिली वाइन 2000 साली बाजारात आली. 2001 साली राज्य सरकारने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. त्यानंतर जानेवारी ते मार्चमध्ये द्राक्षांच्या तोडणीला शहरातून गाड्या भरभरून नाशिककडे जाऊ लागल्या आणि येताना डिकीत खोकी घेऊन परतू लागल्या.

पेव हा शब्द इथे चपखल आहे. पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. जमिनीखाली माल साठवायची रीत महाराष्ट्राला मुळीच नवी नाही. फक्त ज्वारीच्या कोठाराभोवती मांजर घुटमळलं तर घरची माणसं त्याला वाटीभर दूध पाजायची, कारण उंदीर कमी व्हायचे. शेरीच्या देशात तर उंदरांशीच तह झाला आहे. स्पेनमधल्या हेरेस गावी गोन्झालेझ बियास या जुन्या कंपनीच्या कोठीत जमिनीवर गोड शेरीचा एक पेला ठेवतात आणि उंदराला चढता यावं म्हणून त्याला इवलीशी शिडी टेकवतात. पर्यटक ती शिडी बघायला मुद्दाम जातात. आपल्याकडे गणपतीच्या वाहनाला मोदक मिळतो, तिकडे शेरी मिळते, एवढाच फरक.

मग वाइनशौकिनाला जनावरांचं इतकं वावडं का? प्रश्न वाजवी आहे, कारण या लोकांची भाषा ऐकली तर वाटावं की हे द्राक्षबागेतून नव्हे, प्राणिसंग्रहालयातून परत येत आहेत. सोव्हिन्यों ब्लाँ या पांढऱ्या वाइनचं वर्णन फ्रेंच जाणकार बेधडक 'मांजराची लघवी' असं करतात, आणि बेताने असेल तर ती तारीफ असते. न्यूझीलंडच्या कूपर्स क्रीक कंपनीने तर आपल्या एका वाइनचं नावच 'गूजबेरीच्या झुडपावर मांजराची लघवी' असं ठेवलं आणि ती खपली. ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट लाल वाइनमध्ये शिरलं की तबेल्याचा, घोड्याच्या घामाचा वास येतो. तो थोडका असेल तर काही लोक डोळे मिटून मान डोलावतात. बूच बाधलेल्या वाइनला ओल्या पुठ्ठ्याचा किंवा ओल्या कुत्र्याचा वास येतो. आणि उंदीरही आहेच. काही बिघडलेल्या वाइनना उंदराच्या पिंजऱ्याचा दर्प असतो, पण पेल्यात नाक घालून तो सापडत नाही. वाइन आंबट असते, त्यामुळे तो दर्प देणारी संयुगं हवेत उडत नाहीत. घोट घेतल्यावर लाळेने आंबटपणा उतरतो आणि मग मागाहून, घशाच्या वाटेने, उंदीर येतो.

थोडक्यात, घरात एक बोका आणि एक कुत्रा आणला की वाइनचं निम्मं शब्दभांडार चालतंफिरतं होतं. तेच शब्द दोन हजारांच्या बाटलीत सापडले की 'वा!' आणि तेच खोक्यावर सापडले की 'शी!'

हा 'शी' ज्या क्षणी उमटतो तो क्षण जवळून बघण्यासारखा असतो. कोथरूडमधलं एखादं घर समजा, त्यात बंडू हा बोका आणि ब्रूनो हा कुत्रा. जुलै महिना, चार दिवस पावसाची झड. सकाळी सातला मालक सेलरचं दार उघडतात आणि दारातच थबकतात. मग लुंगी सावरून, दातांत टॉर्च धरून ते गुडघ्यांवर रांगू लागतात. बारा बाटल्यांची चार खोकी ओळीने मांडलेली. पहिल्या खोक्याला नाक लावतात, काही नाही. दुसऱ्याला, शंका. तिसऱ्या खोक्याचा डावा कोपरा चहा सांडल्यासारखा काळपट, पुठ्ठा बोटाला मऊ लागतो, आणि त्यावरचा 'ही बाजू वर' असा बाण मधूनच फुगलेला. मागे सौ. उभ्या.

"अहो, काय करताय?"

"वास घेतोय."

"कसला?"

"तेच कळत नाहीये. बाटली फुटलीय की बंडू येऊन गेलाय."

हा गोंधळ दिसतो तितका हास्यास्पद नाही, त्याला रसायनशास्त्राचा आधार आहे. मांजराच्या लघवीत फेलिनीन नावाचं गंधक असलेलं अमिनो आम्ल असतं. ते तयार होण्यात कॉक्सिन या प्रथिनाचा हात असतो, हे जपानी संशोधकांनी 2006 साली दाखवलं. फेलिनीन हळूहळू फुटतं आणि त्यातून थायोल गटातलं एक उग्र संयुग सुटतं. दुसरीकडे, 1990च्या दशकात बोर्दोमध्ये दनी दुबुर्दिऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोव्हिन्यों ब्लाँचा तो खास वास कशाने येतो याचा छडा लावला. तेही गंधकाचं, थायोल गटातलंच संयुग निघालं. बंडू आणि बाटली एकाच कुळातले. मालकांचं नाक चुकलं नव्हतं, त्याने फक्त आडनाव बरोबर ओळखलं आणि नावात घोळ केला.

न खच्ची केलेल्या बोक्याच्या लघवीत फेलिनीन भरपूर असतं, आणि तो ते ओतत नाही, उभ्या पृष्ठभागावर फवारतो. 'हा मुलूख माझा' अशी ती पाटी असते. नाशिकहून आलेलं नवं, अनोळखी वासाचं खोकं दिसल्यावर पाटी लावणं त्याला भागच असतं. महाराष्ट्रात मद्य बाळगायला परवाना लागतो हे मालकांना ठाऊक असतं. बंडूचाही एक परवाना लागतो, हे त्यांना जुलैत कळतं.

जुलैतच का, यालाही कारण आहे. लघवीतलं युरिक आम्ल स्फटिकांच्या रूपाने पुठ्ठ्यात, लाकडात, फरशीच्या सांध्यांत बसून राहतं आणि पाण्याने सहजी धुऊन जात नाही. हवा कोरडी असली की ते मूग गिळून बसतं, दमट झाली की पुन्हा बोलू लागतं. सेलरमध्ये तर 60 ते 70 टक्के आर्द्रता मुद्दाम, विजेचं बिल भरून राखलेली असते. म्हणजे वाइनसाठी केलेला सगळा खर्च त्या वासाच्याही प्रकृतीला मानवतो.

इथून पुढे मात्र जनावरं बाजूला पडतात आणि माणसं मैदानात उतरतात. खरा धोका तेव्हा सुरू होतो.

पहिल्या मावशी. घरकामाला येणाऱ्या मावशींचा काळ्या फिनेलवर पूर्ण विश्वास असतो. बादलीत दोन झाकणं, पाणी दुधट झालं की काम फत्ते. त्या फिनेलमध्ये डांबरातून निघणारी फिनॉल गटातली द्रव्यं असतात. मांजराच्या यकृतात असली द्रव्यं निष्प्रभ करणारी यंत्रणा दुबळी असते. ओल्या फरशीवरून चालून मांजर पंजे चाटतं आणि विष पोटात जातं. शिवाय फिनेलच्या वासात वाइन चाखणं म्हणजे बँडच्या शेजारी बसून तंबोरा लावणं.

दुसऱ्या आजी. त्या काही बोलत नाहीत, उदबत्तीचा अख्खा पुडा लावून सेलरच्या दारात ठेवतात. आता तिथे मांजर आहे, मोगरा आहे, धूर आहे, आणि दाराला रबरी पट्टी असल्याने यातलं काहीच बाहेर जात नाही.

तिसरे स्वतः मालक. ते सुशिक्षित असल्यामुळे ब्लीच आणतात. हे सगळ्यात वाईट. लघवीतल्या युरियापासून अमोनिया बनतो आणि अमोनियावर क्लोरीनचं ब्लीच पडलं की क्लोरामाइन हा घसा आणि छाती जाळणारा वायू सुटतो. बंद खोलीत हा प्रयोग करून मालक डोळे चोळत बाहेर येतात आणि म्हणतात, "स्ट्राँग आहे बरं का!" पण वाइनच्या दृष्टीने खरी गोम पुढे आहे.

बुचाची जी बाधा जगभरच्या वाइनवाल्यांची झोप उडवते, तिच्या मुळाशी असतं ट्रायक्लोरोअ‍ॅनिसोल, थोडक्यात टीसीए. 1980च्या दशकाच्या सुरुवातीला स्वित्झर्लंडमध्ये हान्स टॅनर आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं. त्याची पाककृती अशी: लाकूड, पुठ्ठा किंवा फिनेल यांतलं फिनॉल घ्यावं, त्यावर क्लोरीन ओतावं, दमट अंधारात ठेवावं आणि बुरशीची वाट पाहावी. क्लोरीन लागलेल्या फिनॉलवर बुरशी आपला संस्कार करते आणि टीसीए तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमच्या काही अब्जांश भागांएवढं जरी वाइनमध्ये उतरलं तरी तिचा फळांचा वास मरतो आणि मागे ओलं कुत्रं उरतं. बोर्दोतल्या काही नामांकित कोठ्यांत छताच्या लाकडाला वाळवी-बुरशीसाठी लावलेल्या क्लोरीनयुक्त औषधांनी असाच घात केला होता. लाकूडकाम उचकटून टाकल्यावरच सुटका झाली. तेव्हापासून शहाण्या वाइनरीत क्लोरीनच्या बाटलीला प्रवेश नाही.

आता मांडून बघा. मावशींचं फिनेल, मालकांचं ब्लीच, सेलरची दमट हवा आणि भिजलेला पुठ्ठा. ओल्या कुत्र्याच्या वासासाठी लागणारं सगळं साहित्य माणसांनी जमवलं, आणि घरातला खरा ओला कुत्रा या सगळ्या वेळात गॅलरीत निरागसपणे अंग झाडत होता.

त्या कुत्र्यावर तर दुहेरी अन्याय आहे. चिलीमधल्या टीएन कूपर्स या वाइनची पिंपं बनवणाऱ्या कंपनीने टीसीए हुडकायला चक्क लॅब्राडोर तयार केले. ते गोदामात, पिंपांमधून, पाइपांपाशी हुंगत फिरतात आणि जिथे हा वास मुरला असेल तिथे थांबतात. यंत्राला नमुना पोचवून अहवाल येईपर्यंत दिवस जातात, कुत्रा जागेवर निकाल देतो. ज्याच्या नावाने हा वास बदनाम, तोच त्याचा पंच. इकडे कोथरूडमध्ये ब्रूनोला सेलरच्या दारातून 'हाड्' म्हणून परतवलं जातं.

बरं, एवढ्या धावपळीत बाटलीतल्या वाइनचं काय झालेलं असतं? बहुतेक वेळा काहीच नाही. ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधकांनी टीसीए बुचाच्या बाहेरच्या बाजूला लावून बराच काळ वाट पाहिली. ते बुचाच्या बाहेरच्या थरातच मुरून राहिलं. धडधाकट बूच हा चांगला द्वारपाल असतो. इथल्या बऱ्याचशा पांढऱ्या वाइनला तर फिरकीचं झाकणच असतं, तिथे बुचाचा प्रश्नच उरत नाही. बोक्याच्या कृपेने बिघडतात ती लेबलं, खोकी, लाकडी मांडणी आणि चाखणाऱ्याचं नाक. लेबल भिजलं की बाटलीवरचं साल वाचता येत नाही, आणि मग 2018ची म्हणून उघडलेली 2022ची निघते. मालक मात्र दारापाशी बुचकळ्यात उभे.

उपाय आहेत आणि ते कंटाळवाणे म्हणावेत इतके साधे आहेत. डाग ताजा असेल तर आधी टिपायचा, घासायचा नाही. मग थंड पाणी, आणि त्यावर पाळीव प्राण्यांच्या दुकानात मिळणारं एन्झाइमचं द्रावण. ते युरिक आम्लच फोडतं, त्यामुळे वास झाकला जात नाही, संपतो. द्रावण मुरायला वेळ द्यावा लागतो आणि इथेच घाईची माणसं हरतात. पुठ्ठ्याची खोकी सेलरमध्ये ठेवूच नयेत. ती ओलावा धरतात, बुरशी धरतात आणि बोक्याला लिहायला पाटी मिळते. खालची मांडणी फरशीपासून वीतभर उंच, धातूची किंवा रंग न दिलेल्या, औषध न लावलेल्या लाकडाची. दाराला आपोआप मिटणारी बिजागरी. आत एक सक्रिय कोळशाची पिशवी, कारण तो वास शोषतो. वाइनच्या चांगल्या फ्रिजमध्येही कोळशाची गाळणी असते ती याचसाठी. आणि बोक्याचं ऑपरेशन, ज्याबद्दल घरातले पुरुष एकमेकांच्या डोळ्यांत न बघता बोलतात.

मांजराची पेटी मात्र सेलरपासून लांब, आणि पेट्यांची संख्या घरातल्या मांजरांपेक्षा एकने जास्त. या पेटीतल्या मातीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. मिशिगनमधल्या एड लो यांनी 1947 साली शेजारणीला राखेऐवजी जी माती मांजरासाठी दिली, ती होती फुलर्स अर्थ, म्हणजे आपली मुलतानी माती. पुढे गुठळी धरणारी माती आली, ती बेंटोनाइट. आपल्याकडे ती कच्छ आणि बाडमेरच्या बाजूला निघते. आणि हेच बेंटोनाइट वाइनरीत पांढऱ्या वाइनमध्ये कालवतात, म्हणजे तिला गढूळ करणारी प्रथिनं धरून ती तळाशी बसतं आणि वाइन नितळ होते. एक माती सुनेच्या चेहऱ्यावर, तिची चुलत बहीण बोक्याच्या पेटीत आणि तीच बहीण मालकांच्या पेल्यात येऊन गेलेली. घरात एकजूट नाही असं कोण म्हणतं?

काळजी खरी करायची तर उलट दिशेने करावी. मद्य कुत्र्या-मांजरांना बाधतं, थोडंसुद्धा, त्यामुळे सांडलेली वाइन ब्रूनोने चाटणं ही गंमत नव्हे. द्राक्षं आणि बेदाणे तर कुत्र्यांच्या मूत्रपिंडावर उठतात. 2021 साली अमेरिकेतल्या एएसपीसीए या संस्थेच्या पशुवैद्यांनी त्यामागे टार्टारिक आम्ल असावं असा संशय मांडला. याच आम्लाचे क्षार वाइनच्या तळाशी काचेच्या कणांसारखे चमकतात, आणि चिंचेतही हे आम्ल मुबलक असतं. म्हणजे मराठी घरात कुत्र्याला खरी भीती सेलरची नाही. सत्यनारायणाच्या शिऱ्यातला तासगावचा बेदाणा आणि आजींनी प्रेमाने भरवलेला चिंचेच्या आमटीचा भात, यांच्यावर आधी दार लावायला हवं. आजींना हे सांगायचं कोणी, हा प्रश्न विज्ञानाच्या कक्षेबाहेरचा.

पावसाळा सरतो. सेलरमधली खोकी गेलेली असतात, एन्झाइमने आपलं काम केलेलं असतं, मावशींचं फिनेल अंगणापुरतं उरलेलं असतं. एका शनिवारी संध्याकाळी दोन मित्र येतात. मालक नाशिकची सोव्हिन्यों ब्लाँ काढतात, फिरकी उघडतात, पेले एक तृतीयांश भरतात आणि नाक घालून डोळे मिटतात.

"पेरू," ते म्हणतात. "कापलेलं गवत. आणि मागे अगदी हलका तो... तो फ्रेंच लोक म्हणतात ना..."

"बंडू आत आलाय का?" स्वयंपाकघरातून सौ. विचारतात.

आलेला असतो. तो टीपॉयवर उडी मारतो, मालकांच्या पेल्यापाशी जातो, कडेवरून एकदा हुंगतो, वरचा ओठ किंचित मागे घेऊन पुन्हा हुंगतो. मग पेल्याकडे पाठ फिरवतो आणि उजव्या पंजाने टीपॉयची काच शांतपणे, पद्धतशीर, खरवडू लागतो. पेटीत झाल्यावर माती ओढून झाकतो ना, तशी.